मीटिंगआधी प्रश्न बदला: वाडीने एकत्र बसून पुढची वीस वर्षं कशी बघायची

गणपतीत नाहीतर मे महिन्यात गावी मीटिंग होते. मुंबई मंडळाचे (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची संघटना) पाचसहा जण, गावातली जाणती माणसं, सरपंच मोकळे असले तर तेही, आणि विषय ठरलेले: पाणी, नाहीतर "पोरं गावात थांबत नाहीत", नाहीतर नुसतंच "गावाचा विकास". दोन तास आवाज चढतात, शेवटी एक ठराव, एक नवीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि पुढच्या वर्षी त्याच सतरंजीवर तीच मीटिंग. मी अशा मीटिंगांमध्ये बसलोय, दोनचार स्वतः घेऊन फसवल्यात पण, आणि आता मला वाटतं की गडबड पहिल्या दहा मिनिटांतच होते, प्रश्न ज्या शब्दात मांडला जातो तिथेच. कारण त्या शब्दात कोणाचं तरी उत्तर आधीच बसलेलं असतं, आणि मग बाकी सगळे त्या उत्तराच्या बाजूने नाहीतर विरोधात भांडत बसतात.

खाली क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर फुकट. उदाहरण म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्याखालच्या (सडा म्हणजे वरचं जांभ्याचं उघडं पठार) एका वाडीचं उन्हाळ्यातलं पाणी धरलंय, तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

## टप्पा ०: हा प्रश्न त्या जातीचा आहे का ते बघा

विजेचा पोल पडला, साकवाची फळी तुटली, यासाठी पंचवीस माणसं दोन दिवस बसवू नका. अर्ज द्या, मागे लागा, विषय संपला. आपण बोलतोय ते गुंतलेल्या प्रश्नांबद्दल. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या दोन अभ्यासकांनी १९७३ मध्ये अशा प्रश्नांची लक्षणं मांडली होती, त्यातलं एक कोकणात फार नीट कळतं: इथे सराव म्हणून काही करून बघता येत नाही, जे केलं ते मागे घेता येत नाही. वरच्या अंगाला कोणी बोअर मारली आणि खालच्या वाडीची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, तर ती बोअर आता बुजवणार कोण?

तीन गोष्टी विचारून बघा:

- तीन वाड्यांत विचारलं तर तीन वेगळी कारणं येतात का?
- मागे एकदा "सुटला" म्हणून नारळ फोडला होता आणि आता परत आलाय का?
- गावात असं कोणी आहे का ज्याला हा प्रश्न वाटतच नाही?

तिन्हीला हो असेल तर पुढे चला.

## टप्पा १: तयारी, आणि हीच सगळ्यात जास्त

निम्म्याहून जास्त काम बैठकीच्या आधी असतं. तीन आठवडे धरा. लोक इथेच घाई करतात, ग्रुपवर "रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी उपस्थित राहावे" टाकलं की झाली तयारी असं समजतात, आणि मग येतात ते नेहमीचेच बारा जण.

वेळ. लावणी, कापणी, आंब्याचा सीझन, गणपती, शिमगा हे सोडून काय उरतं ते बघा. माझ्या मते भाताची कापणी-झोडणी उरकली की लगेच, नोव्हेंबरच्या शेवटी. पाण्यावर बोलायचं तर मे महिनाच बरा असं लोक म्हणतात, पण मे मध्ये डोकी तापलेली असतात, प्रत्येकाला उद्याचा टँकर हवा असतो, वीस वर्षांनंतरचं कोण ऐकणार. आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबरात वहाळ अजून वाहत असतो, त्यामुळे बैठकीत काही छोटं ठरलं तर त्याच आठवड्यात करून बघता येतं. जानेवारीत बसलात तर ते वर्ष गेलं. फक्त मागच्या मे मधले फोटो जपून ठेवा, विहिरीचा तळ, टँकरची रांग, ते भिंतीवर लावायला लागतील.

घरोघर जाणं. निदान वीस घरं, सगळ्या वाड्यांतली, बौद्धवाडी आणि गावाच्या टोकाची दोनतीन एकटी घरं धरून. "काकी, तुमची समस्या काय?" असं विचारू नका, काकी सांगतील "आमचं काय नाय वो, बरं चाललंय". विचारा, "मागच्या मे मधला एखादा दिवस सांगा, सकाळी उठल्यापासून." मग कळतं की साडेचारला उठून पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) झऱ्यावर नंबर लावायला लागतो, दुसऱ्या हंड्यापर्यंत उजाडतं, आणि गुरांना पाणी दुपारचं. हे त्यांच्याच शब्दात वहीत लिहून घ्या, सुधारून घेऊ नका.

कोणाला बोलवायचं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. आता तुमच्या गावच्या मागच्या मीटिंगचा फोटो काढा आणि त्यातल्या बायका मोजा. गावात बारा महिने राहतं कोण आणि गावाबद्दल बोलतं कोण यातला फरक त्या फोटोत दिसेल. पंचवीस ते पस्तीस माणसं पुरे, पण त्यात निम्म्या बायका, चारपाच शाळा-कॉलेजातली पोरं, एखादा आंबा बागायतदार, एखादा बाहेरून जमीन घेतलेला असला तर तोही, आणि ज्याचं बदल झाल्याने नुकसान होईल तो माणूस नक्की. त्याला टाळलं की तो नंतर एकाच वाक्यात सगळं पाडतो.

जागा. माझी पहिली बैठक मी देवळाच्या सभामंडपात घेतली, जागा मोठी, पंखे, सगळ्यांना माहितीची. मानकरी खांबाला टेकून पुढे, बायका मागे पायरीजवळ, काही बायका आल्याच नाहीत आणि का नाही आल्या ते विचारायचीही सोय नव्हती, आणि बौद्धवाडीतून आलेले तिघं बाहेर चपलांपाशी उभे. त्यात मुंबईहून आलेल्या एका उत्साही माणसाने प्रोजेक्टर लावला, पंधराव्या मिनिटाला लाइट गेली, आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. तेव्हापासून मी शाळेचा वर्ग घेतो. गोल बसायचं, म्हाताऱ्यांना खुर्च्या पण त्याच गोलात, स्टेज नाही, हार नाही, प्रास्ताविक नाही.

चालवणारे दोघं. एक बोलतं करणारा, एक लिहिणारा. दोघांचीही विहीर, बाग, कंत्राट त्या विषयात अडकलेलं नसावं. सरपंच आणि गावकर-मानकऱ्यांना आधी घरी जाऊन सांगा की तुम्ही या, पण पहिल्या दिवशी ऐकायला या. हे आधी सांगितलं तर बहुतेक जण मानतात, सगळ्यांसमोर सांगितलं तर अपमान होतो.

सामान फार लागत नाही. चार्ट पेपर नाहीतर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजू, जाड स्केचपेन, रांगोळी, मूठभर खडे, काजूच्या बिया. चहा दोनदा. शनिवारी संध्याकाळ आणि रविवारी सकाळ अशी दोन भागात बैठक ठेवा, एकाच दिवसात कोंबू नका, मधली रात्र कामाची असते.

> तपासा: आदल्या दिवशी यादी काढा. जे नेहमी येतात त्यांच्यावर खूण करा. खुणा निम्म्याहून जास्त असतील तर बैठक आठवडाभर पुढे ढकला, लाज वाटून घेऊ नका.

## टप्पा २: गाऱ्हाणी (शनिवार, पहिला एक तास)

देवाला गाऱ्हाणं घालताना काय होतं ते आठवा. गुरव नाहीतर गावकर बोलतो, बाकीचे "होय महाराजा" म्हणतात. मधेच कोणी उठून "मी सांगतो, असं करा" म्हणत नाही. पहिल्या तासाचा नियम हाच. एक जण बोलेल, लिहिणारा ते बोलल्याप्रमाणे लिहील, कोणी उत्तर द्यायचं नाही. हा नियम याच शब्दात सांगितला की लोक हसतात आणि पाळतात, "कृपया एकमेकांच्या मताचा आदर करा" वगैरे म्हटलं की कोणी ऐकत नाही.

उपाय तरी येणारच. "बोअर मारा", "धरण हवं", "आमदारांना भेटू". त्यासाठी भिंतीवर एक वेगळा कागद ठेवा, वर लिहा "उद्याचं", आणि येईल तो उपाय तिथे टाका. माणसाला आपलं म्हणणं कागदावर दिसलं की तो गप्प बसतो.

मग जमिनीवर रांगोळीने वाडीचा नकाशा काढायला लावा, आणि काढायचा बायकांनी आणि पोरांनी. पाखाडी (पायऱ्यांची वाट), वहाळ, विहिरी, झरे, बोअर, नळाची टाकी, बंद घरं. ज्या विहिरीला मे पर्यंत पाणी असतं तिथे खडा, जी जानेवारीत आटते तिथे काजूची बी. पंधरा मिनिटांत अशा गोष्टी दिसतात ज्या तासभर बोलून निघत नाहीत. एका वाडीत सगळ्या बिया एका ओळीत आल्या, वरच्या सड्यावर जिथे चिऱ्याची खाण निघाली होती त्याच्या बरोबर खाली. कोणी काही बोललं नाही, सगळे नुसते बघत राहिले.

> सावध: नकाशावर "हे कोणामुळे" सुरू झालं की थांबवा. नावं घ्यायची नाहीत, जागा दाखवायच्या.

## टप्पा ३: प्रश्न उलटवणं (शनिवार, पुढचा दीड तास)

इथे वेळ घ्या. लोक हाच टप्पा गाळतात, कारण तो काहीच न केल्यासारखा वाटतो.

३.१ तोंडातलं वाक्य जसंच्या तसं लिहा. "आम्हाला टँकर वेळेवर मिळत नाही." मोठ्या अक्षरात, मधोमध.

३.२ त्यात लपलेलं उत्तर शोधा. या वाक्यात "टँकर" हे उत्तर आहे. "पोरं गावात थांबत नाहीत" यात पोरांनी थांबलंच पाहिजे हे उत्तर आहे. "माकडांचा बंदोबस्त करा" यात वनखातं हे उत्तर आहे. त्या शब्दाखाली लाल रेघ मारा आणि तो शब्द न वापरता वाक्य परत म्हणायला सांगा. लोक अडखळतात, ते चांगलं लक्षण आहे. टँकर काढल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "मार्चपासून माझ्या सकाळच्या दीड तासाचं काय?" आता प्रश्न लिटरमधून तासात गेला. तासाचा प्रश्न असेल तर उत्तरं पण वेगळी येतात.

३.३ कोणासाठी प्रश्न आहे, कोणासाठी नाही. पाणी भरणारी बाई, फवारणीला पाणी लागणारा बागायतदार, स्वतःची बोअर असलेलं घर, मे मध्ये वीस दिवसांसाठी येणारा चाकरमानी, आणि दुसऱ्याच्या विहिरीवर पूर्वी ज्यांना येऊ दिलं जात नव्हतं ती वाडी. प्रत्येकाच्या तोंडचं एकेक वाक्य लिहा. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं म्हणायला लावलं तर अजून मजा येते, बागायतदाराने पाणी भरणाऱ्या बाईचं वाक्य म्हणायचं आणि तिने त्याचं.

माणसाच्या मनात दोन्ही बाजू एकदम असतात हेही इथेच बाहेर येतं. तीच आई म्हणते गाव ओस पडलं, आणि तीच म्हणते माझ्या मुलाला मुंबईला नोकरी लागू दे. तिला खोटं पाडू नका, दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा.

३.४ खाली उतरा. सोहेल इनायतुल्ला या भविष्याच्या अभ्यासकांची चार थरांची पद्धत आहे, मी ती आपल्या भाषेत अशी वापरतो. वरचा थर रोजची ओरड: पाणी नाही. त्याखाली व्यवस्था: पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो पण जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड, त्यामुळे पाणी समुद्राला जायची घाई करतं, वर नळयोजना गावात कायम राहणाऱ्या माणसांच्या हिशोबाने आणि मे मध्ये घरं भरलेली. त्याखाली समजूत: "माझ्या जागेतलं पाणी माझं", "योजना सरकारची, दुरुस्ती पण सरकारने करायची". आणि अगदी तळाला एखादं चित्र, ज्याच्यावर आपण सगळे न बोलता उभे असतो. "मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा" हे असं एक चित्र, म्हणजे गावाने फक्त वाट बघायची, पैसा आणि अक्कल दोन्ही मुंबईहून येणार. "कोकणाचा कॅलिफोर्निया" हे दुसरं, त्यात कॅलिफोर्नियाला जाऊन कोणी बघून आलेलं नाही तरी सगळ्यांना ते पाठ आहे. ही चित्रं कागदावर लिहून बाजूला काढा, नाहीतर उद्या सकाळी भविष्य रंगवताना हीच परत येतील.

या थरांवर भाषण देऊ नका बरं का. चार कागद वरखाली चिकटवा, वाक्यं वाचा आणि लोकांना विचारा हे कुठल्या कागदावर.

३.५ नवीन प्रश्न लिहा. "कसं" ने सुरू होणारा, वाडीच्या हातातलं काहीतरी असलेला आणि ज्याचं एकच उत्तर नाही असा. त्या वाडीत शेवटी हे निघालं: "ऑगस्टात वाहून जाणारं पाणी फेब्रुवारीपर्यंत वाडीत कसं थांबवायचं, आणि मे मध्ये माणसं दुप्पट झाली की ते कोणी किती घ्यायचं?" पहिल्या भागात जमीन आहे, दुसऱ्यात माणसं. दुसरा भाग बोलायला सगळ्यांना जड गेला, कारण पाहुण्याला पाणी मोजून देणं म्हणजे कोकणात जवळजवळ पाप. पण तो एकदा लिहिला गेला.

बाकीचे दोन पण सांगतो, तुमच्याकडे तेच असतील म्हणून. "पोरं थांबत नाहीत" चं झालं: "पंधरा दिवस मुंबई आणि पंधरा दिवस गाव असं जगणाऱ्याला इथे काय काय लागेल, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री बरं नसलं तर कोण येईल?" माकडांचं असं झालं की शेजारचे कुणगे (भातशेतीचे छोटे तुकडे) पडीक पडत गेले तसा उरलेल्या एका शेतावर सगळा कळप येतो, म्हणजे एकट्या शेतकऱ्याची राखण हा मुद्दाच राहिला नाही, "एका सलग पट्ट्यात पाच जणांनी एकाच वर्षी लागवड कशी करायची" हा झाला. वानरं काही त्यामुळे नाहीशी होत नाहीत हे कबूल, पण पाच जण राखणीला मिळतात.

> तपासा: नवीन प्रश्न ऐकून सगळे खूश असतील तर तो फार गुळगुळीत झालाय, "सर्वांगीण विकास कसा साधावा" असला काहीतरी. निदान दोन माणसं थोडी अस्वस्थ दिसायला हवीत. आणि फक्त एकाच माणसाला टोचत असेल तर तो प्रश्न नाही, आरोप आहे, परत ३.३ ला जा.

आता घरी जा. उत्तराला हात लावायचा नाही. रात्री जेवताना घराघरात बोलणं होतं आणि सकाळी लोक वेगळे होऊन येतात.

## टप्पा ४: पुढची गावं, एक नाही चार (रविवार सकाळ)

४.१ आधी तेवढंच मागे जा. वीस वर्षं पुढचं बघायचं तर वीस वर्षांपूर्वी इथे काय होतं ते विचारा. कोणाकडे मोबाइल होता, रेंजसाठी कुठल्या सड्यावर जायला लागायचं, शाळेत पोरं किती, भात किती कुणग्यांत, पाणी कुठून. दहा मिनिटं पुरेत. यामुळे "काय बदलणार आहे इथे" हा सूर बंद होतो.

४.२ वर्ष आणि माणूस ठरवा. २०४५. नुसतं वर्ष नको, समोर बसलेली पाचवीतली मुलगी दाखवा, ती तेव्हा तिशीत असेल. भविष्य तिच्या डोळ्यांनी सांगायचं. जपानमधल्या इवाते प्रांतात याहाबा नावाचं गाव आहे, तिथे २०१५ पासून हे करून बघितलंय, काही रहिवाशांना वेगळा अंगरखा घालून २०६० मधले गावकरी म्हणून बसवलं, आणि तिथल्या चर्चेत पाणीपट्टीचा विषयही होता. आजचं बघून लोक दर कमी करा म्हणत होते, पुढचं बघितल्यावर दर वाढवायची तयारी दिसली. अंगरखा नसला तरी चालेल, आम्ही एकदा पोरांच्या शाळेच्या टोप्या घातल्या, आजोबांनी पण.

४.३ चार गट, चार वाटा. हवाई विद्यापीठातले भविष्याचे अभ्यासक जिम डेटर यांनी भविष्याच्या चार जाती सांगितल्या: वाढ, पडझड, शिस्त, कायापालट. प्रत्येक गटाला चिठ्ठीने एक द्या, निवडायला देऊ नका, नाहीतर चारही गट वाढ घेतात आणि चारही गट होमस्टे काढतात.

वाढीच्या गटाला एक आकडा सांगा. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. मग वाढ म्हणजे कशाची, माणसांची, बंगल्यांची की बोअरची, ते त्यांनी ठरवायचं.

पडझडीच्या गटात हमखास कोणीतरी म्हणतं "शुभ बोल नाऱ्या". त्यांना सांगा की जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं, तेव्हा आपण कोणीच अशुभ बोललो नव्हतो. या गटात एक तरी थंड डोक्याची बाई ठेवा, माझा अनुभव असा की घर चालवलेली माणसं वाईट दिवसाची तयारी जास्त बारकाईने सांगतात.

शिस्तीचा गट नियमांच्या याद्या करत बसतो. त्यांना विचारा नियम मोडला कोणी तर काय, आणि मोडणारा तुमचा चुलतभाऊ असला तर काय. कायापालटाच्या गटाला सुचतच नाही बराच वेळ, त्यांच्यात कॉलेजची पोरं जास्त टाका.

४.४ एक दिवस लिहायचा. घोषणा नको, मे महिन्यातला एक दिवस, सकाळी सहापासून. पाणी कुठून आलं, कोणी सोडलं, शेजारी कोण राहतं, पाहुणे आले तर काय, भांडण कशावरून झालं. भांडण लिहायलाच लावा, ज्या भविष्यात भांडण नाही ते गाव नाही. शिस्तीच्या एका गटाने लिहिलं होतं: "सुनेने नळ सोडला, मीटरवर चाळीस लिटर उरलेत. आज नणंद येणार आहे पोरांना घेऊन. म्हणून शेजारच्या काकींकडून वीस लिटर उसने घेतले, जूनमध्ये परत करायचे." उसनं पाणी! साखर उसनी मागतो तसं. असा शब्द आला की समजायचं लोक खरंच तिथे जाऊन आलेत.

४.५ करून दाखवायचं. वाचून दाखवण्यापेक्षा पाच मिनिटांचं नाटक. आपल्याकडे नमन-दशावतार बघत वाढलेली माणसं आहेत, कोणाला शिकवायला लागत नाही, उलट थांबवायला लागतं.

> सावध: चार भविष्यांवर मतदान घेऊ नका. ही निवडणूक नाही. कुठलंच एक जसंच्या तसं येणार नाही, चारही थोडी थोडी येतील. प्रत्येकातून विचारा, "यातलं काय आपल्याला हवंय, काय कुठल्याही परिस्थितीत नको, आणि काय आलं तरी कामाला येईल?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्या वाडीत चारही चित्रांत कामाला येणाऱ्या दोन गोष्टी निघाल्या: जुन्या विहिरींचा गाळ काढणं, आणि पाणी वाटपाचा हिशोब ठेवणारं कोणीतरी असणं.

## टप्पा ५: उलटं चालत आजपर्यंत या

२०४५ पासून मागे. ते हवं असेल तर २०३५ ला काय झालेलं असायला हवं, त्यासाठी २०३० ला काय, त्यासाठी पुढच्या पावसाच्या आधी काय. दोरीवर कागद अडकवत मागे या, दोरी भिंतीवरून वर्गाच्या दारापर्यंत. आजपासून पुढे गेलं की लोक अनुदानाच्या योजनेपाशी अडकतात, मागून आलं की योजनेशिवायची कामं पण दिसतात.

मग कालचा "उद्याचं" वाला कागद काढा. त्यातले निम्मे उपाय आता कोणालाच नको असतील, आणि ज्याने सुचवले तोच म्हणेल राहू दे. धरण, टँकर पुढच्या यादीत गेले तर जाऊ द्या, वाद घालू नका.

दाराजवळच्या कागदावर फक्त दोन कामं ठेवा, येत्या पंधरा दिवसांत होतील अशी, पैसे जवळजवळ न लागणारी, आणि चुकलं तर मोडता येतील अशी. त्या वाडीतलं पहिलं: वहाळावर वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, रविवारीच दुपारी जागा बघून आले. दुसरं: तीन विहिरींवर गाठी मारलेली दोरी, हातभर अंतरावर एक गाठ, दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून पाणी कितव्या गाठीला आहे ते शाळेच्या फळ्यावर लिहायचं. हे काम पोरांना दिलं.

> तपासा: प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आहे ना? "ग्रामस्थ", "मंडळ", "सर्वांनी" ही नावं नाहीत. आणि ते नाव गावात राहणाऱ्याचं हवं, मुंबईहून फोनवर बंधारा बांधता येत नाही.

## टप्पा ६: कागदावर आणणं

हे कंटाळवाणं आहे पण करा. बैठक म्हणजे ग्रामसभा नाही, तिथे ठरलेल्याला कायद्याने किंमत नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांत सुरू होते, त्यात तुमचा नवीन प्रश्न आणि कामं लेखी द्या. त्याआधी महिलांची सभा होते, तिथे आधी मांडा, म्हणजे ग्रामसभेत तो विषय एकट्यादुकट्याचा राहत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती, तेवढी माणसं येतील हे आधी बघा.

कोकणातली खास अडचण सामाईक सातबारा. विहीर, पाणंद, बंधाऱ्याची कडा, कुठेही हात लावा, सातबाऱ्यावर तीसचाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, बाकीची मुंबई-ठाणे-विरारला. पक्कं बांधकाम असेल तर संमती आधी गोळा करा, काम सुरू करून मग नाही. चाकरमान्यांना बैठकीत सांगण्यासारखं खरं काम हेच आहे: आपापल्या भावकीच्या सह्या आणा. विकासावरचं भाषण ऐकण्यापेक्षा त्यांनाही हे बरं वाटतं, करायला काहीतरी ठोस मिळतं.

मे मध्ये ते आले की चार नाटकं परत करून दाखवा आणि दोरीच्या गाठींचा फळा दाखवा. नवीन प्रश्न त्यांना उघड विचारा, दुसरा भाग सुद्धा, पाहुण्याच्या पाण्याचा. तिथे चिडतील काही जण. तेव्हा चालवणाऱ्याने गप्प राहायचं आणि फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या पोरांना उत्तर देऊ द्यायचं.

पुढच्या नोव्हेंबरात परत बसा, पण या वेळी टप्पा ३ पासून. वर्षभरात प्रश्न बदललेला असतो. त्या वाडीत दुसऱ्या वर्षी पहिलंच वाक्य आलं, "आमच्या विहिरीची दोरी कोणीतरी गुरं बांधायला नेली," आणि त्यावरून अर्धा तास भांडण झालं. लिहिणाऱ्याने तेही लिहून घेतलं.